गिरणी संपाची जखम नातवंडांपर्यंत. 'सायकेडेलिक' उपचारांनी ती भरेल का?

लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. पण अनेक जुन्या गिरणी कामगारांच्या घरी संपाचा विषय निघाला की आजही सगळे गप्प होतात. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. हजारोंची नोकरी मात्र कायमची गेली.

अशी जखम पुढच्या पिढीत उतरते का?
वागण्यातून उतरू शकते. वडिलांची दारू, घरातला अबोला, 'नोकरी कधीही जाईल' ही धास्ती पाहत मुले वाढतात. जनुकांबाबत मात्र वाद आहे. संशोधक रेचल येहुदा यांना नाझी छळातून वाचलेल्यांच्या मुलांमध्ये तणावाशी संबंधित एका जनुकावर वेगळ्या रासायनिक खुणा दिसल्या. पण तो अभ्यास छोटा होता.

हे उपचार नेमके काय?
नुसती गोळी नव्हे. अमेरिकेतील एमडीएमए चाचण्यांत औषधाची तीन सत्रे झाली. प्रत्येक सत्र सुमारे आठ तासांचे, सोबत दोन थेरपिस्ट. आधी आणि नंतर समुपदेशन.

निकाल काय?
ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना परवानगी दिली. अमेरिकेच्या एफडीएने मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी नाकारून आणखी एक चाचणी मागितली. महत्त्वाचे म्हणजे, या चाचण्या स्वतः आघात सोसलेल्यांवर होत्या. वारशाने आलेल्या वेदनेवर हा उपचार चालतो, असे त्यातून सिद्ध होत नाही.

भारतात मिळतात का?
नाही. एलएसडी, एमडीएमए आणि 'मॅजिक मशरूम'मधील सिलोसायबिन १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली येतात. विनापरवाना बाळगणेही गुन्हा आहे. केटामाइन हे भुलीचे औषध काही डॉक्टर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात वापरतात, पण तेही कडक नियंत्रणाखाली. त्यामुळे कोणी 'ट्रॉमा बरा करणारी ट्रिप' विकत असेल, तर दूर राहा.

मग आज काय करता येईल?
परळच्या केईएम रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, २४ तास मोफत बोलता येते, मराठीतही. एमडीएमएच्या चाचण्यांतही गोळीच्या जोडीने बोलणे होतेच. त्या बोलण्यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही.