परंपरेचे नाव, परंपरेची शिस्त

फ्रेंच राज्यक्रांतीवर १७९० मध्ये टीका करताना ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्क यांनी पारंपरिक पुराणमतवादाचा पाया घातला. संसद, न्यायालये, रूढ संकेत हे अनेक पिढ्यांच्या अनुभवातून घडतात. ते एका फटक्यात मोडू नयेत, गरजेप्रमाणे दुरुस्त मात्र करावेत, हे त्याचे सार. बदलाला तिथे मज्जाव नव्हता. पुराणमतवादी नेते डिझरायली यांच्याच पुढाकाराने १८६७ मध्ये ब्रिटनच्या शहरांतील असंख्य कामगारांना मताधिकार मिळाला.

या वारशावर हक्क सांगणाऱ्या ब्रिटनच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाने २०१९ मध्ये वेगळेच वळण घेतले. ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, धामधुमीत तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्याने संसद पाच आठवड्यांसाठी संस्थगित झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी एकमताने ते बेकायदा ठरवले. ब्रेक्झिटवरील मतदानात पक्षादेश झुगारणाऱ्या २१ खासदारांना संसदीय पक्षातून काढण्यात आले. त्यांत चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्सही होते.

आधुनिक पुराणमतवादी चळवळींचा फरक इथे उघड होतो. जुना पुराणमतवादी संस्थांपुढे स्वतःला आवर घाली. नव्या चळवळींना जनतेच्या कौलाआड येणारी प्रत्येक संस्था शत्रू वाटते. बंद कारखान्यांच्या गावांतील त्यांच्या मतदारांचा राग खरा आहे आणि जुन्या नेतृत्वाने त्याकडे पाठ फिरवली, हेही खरे. पण त्या रागावरचा उपाय संसदेतूनच शोधायला हवा. सत्तेला लगाम घालणाऱ्या संस्था मोडून परंपरा राखता येत नाही. उरते ती केवळ बहुमताची मनमानी.