गेलेला कान यंत्र परत देत नाही
तेरखेड्याचे फटाके दिवाळीत दूरवर वाजतात. पण ते बनविणाऱ्या श्रमिकांच्या कानांचे काय? स्फोटाच्या दणक्याने आतल्या कानातील रोमपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सुमारे १५ हजार रोमपेशींचे काम कॉक्लिअर इम्प्लांट १२ ते २४ विद्युत्-अग्रांवर चालविते. म्हणून शांत खोलीत बोलणे कळते. बाजाराच्या कलकलाटात शब्द विरतात. भजनात ठेका सापडतो, सूर निसटतो. शिवाय केंद्राची ॲडिप योजना हे यंत्र बालकांना देते, प्रौढ श्रमिकांना नव्हे. आवाजाने येणारे बहिरेपण कायद्याने व्यवसायजन्य रोग ठरले आहे. तेव्हा कारखान्यात कानरक्षके आणि दरवर्षी श्रवणतपासणी, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरलीच पाहिजे. असलेला कान राखणे, हा श्रमिकांचा हक्क आहे, उपकार नव्हे.