गळकी नळी आणि जड स्टिअरिंग

खेड्यावर शेतीवाडी आणि शहरांत नोकरी, असा दोन ठिकाणीं संसार वांटला गेलेल्या एकत्र कुटुंबांत हल्लीं पुष्कळदां एक जुना पिकअप असतो. कांद्याचीं पोतीं, आंब्याच्या पेट्या, लग्नकार्याचीं भांडीं, सारें तोच वाहतो. वय पंधरावीस वर्षांचें. नवा घ्यावा तर खर्च झेपत नाहीं आणि जुना सोडवत नाहीं. अशा गाडीस जडणारी एक नेहमींची व्याधि म्हणजे पॉवर स्टिअरिंगच्या नळीची गळती. ‘थेंब थेंब तेल गळतें, त्यांत काय मोठेंसें!’ म्हणून तिची जी उपेक्षा होते, तिच्याविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत. प्रस्तुत लेखक यंत्रज्ञ नव्हे. परंतु मिस्त्रीशेजारीं पाट टाकून बसावें, पहावें व विचारावें, ही जुनी खोड त्याला आहे.

या योजनेचा जनक फ्रान्सिस डेव्हिस नांवाचा अमेरिकन इंजिनिअर. पिअर्स-ॲरो कंपनीच्या मालमोटारींच्या खात्यांत असतांना अवजड गाडी वळविण्याचे कष्ट त्यानें पाहिले, आणि १९२६ सालीं तेलाच्या दाबानें चाकें वळविणारी गाडी चालवून दाखविली. पुढें दुसऱ्या महायुद्धांत लष्करी वाहनांवर तिचा उपयोग झाला. बाजारांत मात्र ती १९५१ सालीं क्रायसलरच्या इंपीरियल या उंची मोटारीवर आली. ओझें वाहणाऱ्यांचे कष्ट पाहून सुचलेली सोय बाजारांत प्रथम श्रीमंतांच्या पदरीं पडावी, हें जगाच्या रीतीस धरूनच झालें!

आंतील रचना फारशी अवघड नाहीं. इंजिनाच्या पट्ट्यानें फिरणारा पंप लहान टाकींतील तेल ओढून एका नळीनें स्टिअरिंगच्या पेटीकडे पाठवितो. चक्र वळवितांच पेटींतील झडप तें तेल दट्ट्याच्या एका बाजूस सोडते व दट्ट्या चाकें वळविण्यास हातभार लावतो. काम झालेलें तेल दुसऱ्या नळीनें टाकींत परततें. म्हणजे नळ्या दोन, एक दाबाची व एक परतीची, आणि सगळें इंगित या भेदांत आहे. परतीच्या नळींत दाब नांवापुरता असतो. दाबाच्या नळींत मात्र चक्र पूर्ण वळविलें असतां तो दर चौरस सेंटिमीटरला साठसत्तर किलोंपासून शंभर किलोंपर्यंत चढूं शकतो. मोटारीच्या टायरमध्यें हवेचा दाब दोनतीन किलोच असतो, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

आमच्या धाकट्या बंधूंच्या घरीं असाच एक पिकअप आहे. आसनाखालीं तेलाची बाटली ठेवलेली; पुतण्या दर दोन दिवसांनीं टाकी भरी. विचारलें तेव्हां म्हणाला, “काका, तेल ओतलें कीं स्टिअरिंग पुन्हां लोण्यासारखें होतें. उगीच नळी कशाला बदलायची?” मीं विचारलें, “आणि भरल्या गाडीनिशीं वरंध घाटाच्या वळणावर तें एकाएकीं दगडासारखें झालें तर?” नळी फुटली तरी चाकांचा व चक्राचा संबंध तुटत नाहीं हें खरें, पण हलक्या चक्राची संवय झालेल्या हातांना तो भार ऐन वळणावर पेलेलच असें नाहीं. शिवाय तेल आटलें कीं पंप हवा ओढतो, कण्हूं लागतो आणि झिजतो. नळीचे पैसे वांचवितां वांचवितां पंपाचे पैसे जातात. याहून वाईट म्हणजे इंजिनाच्या धूर सोडणाऱ्या तापलेल्या भागावर हें तेल पडल्यास पेट घेऊं शकतें. जळक्या तेलाचा वास येऊं लागल्यावर गाडी पुढें दामटणारा मनुष्य शूर नव्हे.

आतां निदान. नैयायिकांनीं धुरावरून अग्नीचें अनुमान केलें. येथें ओल्या जागेवरून छिद्राचें अनुमान केल्यास हमखास हेत्वाभास होतो. कारण तेल खालीं ओघळतें, पंख्याच्या वाऱ्यानें मागें उडतें, आणि थेंब भलत्याच ठिकाणीं लोंबतो. म्हणून प्रथम इंजिन थंड असतां सगळ्या नळ्या व सांधे फडक्यानें कोरडे करावे. नंतर एकानें इंजिन सुरू करून चक्र डावीकडे-उजवीकडे वळवावें व दुसऱ्यानें दुरून, विजेरीच्या उजेडांत, पहिला ओलावा कोठें उमटतो तें पहावें. तोच बहुधा रोगाचा उगम.

येथें एक गोष्ट घरांतील प्रत्येक मुलाच्या कानावर घालावी: चालू इंजिनांत नळीवरून हात फिरवून गळती शोधूं नये. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून निघणारा तेलाचा झोत डोळ्यांस दिसतहि नाहीं, पण कातडी भेदून बोटांत शिरूं शकतो. जखम टांचणी टोंचल्यासारखी दिसते, प्रथम फारशी दुखतहि नाहीं, आणि त्यामुळेंच मनुष्य फसतो. आंत तेल पसरून मांस सडूं लागतें व बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. असें कांहीं झाल्यास हळद लावून उद्यांची वाट पाहूं नये. त्याच घटकेला शस्त्रक्रियेची सोय असलेलें रुग्णालय गांठावें व ‘दाबाखालचें तेल शिरलें आहे’ असें स्पष्ट सांगावें. छिद्र पहावयाचें तर लांब पुठ्ठा नळीजवळ धरावा. डाग पुठ्ठ्यावर पडेल.

गळती परतीच्या नळीची निघाली तर काम घरचें आहे. पुष्कळदां नळीचें टोंक वाळून भेगाळलेलें असतें. त्याच मापाची, तेलास टिकणारी रबरी नळी व नवी क्लिप घालावी. बागेंत पाणी घालण्याची नळी तोडून बसवूं नये, ती गरम तेलानें फुगून फाटते. दाबाच्या नळीची गोष्ट निराळी. तिच्यावर एम-सील थापणें, ट्यूबची पट्टी गुंडाळणें, क्लिप आंवळणें हे सर्व उपचार मृत्तिकेच्या धरणासारखे आहेत. ती सबंधच बदलावी. मूळची मिळत नसेल, तर ट्रॅक्टरच्या व खोदयंत्रांच्या नळ्या यंत्रानें दाबून करून देणारीं दुकानें असतात. तेथें जुनी नळी नमुन्यास नेऊन, दाब व उष्णता दोन्ही सोसणारी नळी मागावी. सोडवितांना साध्या पान्ह्यानें नटाच्या कडा गोल होतात. नळीसाठीं असलेला, तोंडाशीं थोडा उघडा रिंग पान्हा वापरावा. सांध्यांतील ओ-रिंग नवी घालावी. जुनी चांगली दिसते म्हणून ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांची गाडी आठ दिवसांत पुन्हां दारांत ठिबकते.

तेल कोणतें, हें गाडीच्या पुस्तिकेंत व टाकीच्या झांकणावर पहावें. कोणा गाडीस एटीएफ चालतें, तर कोणास निराळें. ब्रेकचें तेल चुकूनहि घालूं नये, त्यानें आंतील रबरी सीलांचा नाश होतो.

नळी बसली म्हणजे हवा काढावयाची. पुढचीं चाकें जॅकनें उचलून खालीं भक्कम टेकू द्यावे, टाकी भरावी आणि इंजिन बंद ठेवूनच चक्र एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत पंधरावीस वेळां सावकाश फिरवावें. मधून मधून तेल कमी होईल, तें भरीत जावें. मग इंजिन सुरू करून तसेंच करावें. टोंकाशीं चक्र दाबून धरूं नये. टाकींत फेंस असेल तर हवा शिल्लक आहे; तासभर गाडी उभी ठेवून पुन्हां फिरवावें. पुतण्याला हा भाग फार कंटाळवाणा वाटला, पण त्यानें तो पुरा केला, आणि पंपाचें कण्हणें थांबलें.

राहिलें जुनें तेल. तें विहिरीच्या आसपास किंवा गोठ्यामागें ओतूं नये. झांकणाच्या डब्यांत भरून गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावें.