बहुतांचे श्रम आणि एकाची मालकी

1936 च्या जानेवारीत पॅरिसमध्ये 'मस्य लांझ यांचा गुन्हा' हा चित्रपट प्रदर्शित झाला. फ्रान्समधील लोकआघाडीच्या निवडणूक-विजयास त्या वेळी अद्याप तीन-चार महिने अवकाश होता. चित्रपटाची हकीकत थोडक्यात अशी : बाताला नावाचा एक लबाड प्रकाशक कामगारांना नागवतो, सावकारांना फसवतो आणि एके दिवशी पळ काढतो. आगगाडीच्या अपघातात तो मेल्याचे वर्तमान येते. तेव्हा छापखान्यातील कामगार एकत्र येऊन सहकारी संस्था स्थापन करतात. लांझ हा तेथलाच एक भाबडा नोकर. त्याने लिहिलेल्या साहसकथांच्या जोरावर संस्था भरभराटीला येते. द्वारपालाच्या आजारी मुलाच्या खोलीची खिडकी बातालाच्या जाहिरातीच्या फलकाने झाकून टाकली होती. तो फलक कामगार उखडून काढतात आणि खोलीत उजेड येतो. मग एके रात्री, मेलेला समजला गेलेला बाताला पाद्र्याच्या वेशात परत येतो. धंदा चांगला चालला आहे, तेव्हा आता तो माझा मला हवा, एवढेच त्याचे म्हणणे. लांझ त्याला गोळी घालतो.

या चित्रपटाचे दिग्दर्शक झाँ रेन्वार हे जगद्विख्यात आहेत. परंतु ज्याच्या लेखणीने बातालाला त्याची गोड, विषारी वाणी दिली आणि चाळीच्या चौकातील साध्या माणसांना त्यांची भाषा दिली, त्या झाक प्रेव्हेर यांचे नाव चित्रपटाच्या संदर्भात त्या मानाने कमी घेतले जाते. फ्रान्समध्ये त्यांना ओळखतात ते मुख्यतः कवी म्हणून. वस्तुतः प्रेव्हेर यांची पटकथाकार म्हणून झालेली कारकीर्द समाजवादी कार्यकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. बहुतांनी मिळून केलेल्या कामाचा मालक कोण, हा प्रश्न त्यांच्या लेखनात आहे, आणि त्यांच्या आयुष्यातही तो पुनःपुन्हा उभा राहिला.

प्रेव्हेर यांचा जन्म 1900 चा, पॅरिसलगतच्या नयी येथला. शाळा त्यांनी लहानपणीच सोडली आणि एका मोठ्या वस्तुभांडारात नोकरी धरली. लष्करी सेवेच्या काळात त्यांना भावी आयुष्याचे सोबती मिळाले. पुढे ते अतिवास्तववादी कलावंतांच्या वर्तुळात वावरले. पण त्या वर्तुळाचे अध्वर्यू आंद्रे ब्रताँ यांची हुकमत न मानवल्यामुळे 1930 मध्ये तेथून जाहीरपणे बाहेर पडले. येथपर्यंतचा प्रवास त्या पिढीतील अनेक बंडखोर तरुणांसारखाच आहे. त्याला वेगळे वळण लागले ते 1932 मध्ये, 'ऑक्टोबर गट' या कामगारांच्या कलापथकामुळे.

या कलापथकासाठी प्रेव्हेर लिहीत असत. सकाळच्या वर्तमानपत्रातील बातमीवर रात्रीतून नाट्यछटा तयार व्हावी, तालीम घाईघाईने उरकावी आणि ती कारखान्याच्या दारात किंवा संपाच्या सभेत सादर व्हावी, अशी पद्धत होती. हिटलर सत्तेवर आला त्यावर त्यांनी लिहिले. 1933 च्या वसंत ऋतूत सित्रोएन मोटार कारखान्यात संप झाला, तेव्हा आयफेल मनोऱ्यावर विजेच्या दिव्यांत झळकणारे मालकाचे नाव आणि त्याच नावाखाली राबणारे कामगार यांना समोरासमोर उभे करणारा मजकूर त्यांनी संपकऱ्यांसाठी रचला. त्याच वर्षी हे पथक मॉस्कोमधील कामगार रंगभूमीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाला गेले आणि गौरव पावले. तेथे स्टालिनची स्तुती करणाऱ्या निवेदनावर सही करण्यास पथकातील मंडळींनी नकार दिला, असे सांगितले जाते. प्रेव्हेर आयुष्यभर डावे राहिले. परंतु कोणत्याही पक्षाचे सभासद झाले नाहीत. 1936 च्या जूनमध्ये कामगारांनी ताब्यात घेतलेल्या पॅरिसच्या वस्तुभांडारांत या पथकाने प्रयोग केले, आणि त्याच वर्षी ते विसर्जित झाले.

विसर्जित झाले खरे, पण विझले नाही. पथकातील अनेक नट 'लांझ'मध्ये दिसतात. कलापथकात शिकलेली गोष्ट प्रेव्हेर यांनी चित्रपटात नेली, आणि ती म्हणजे घोषणा नव्हे. 'लांझ'मध्ये सहकाराच्या तत्त्वावर एकही व्याख्यान नाही. उखडलेला फलक आणि खोलीत आलेला उजेड एवढ्यातच सारे सांगून होते. शेवटी लांझ आणि त्याची प्रेयसी सरहद्दीवरच्या एका खाणावळीत येऊन पोहोचतात. तेथील साधी माणसे सारी हकीकत ऐकून घेतात, आपसात न्याय करतात आणि त्यांना वाट मोकळी करून देतात. न्यायासनाची ही कल्पना मूलतः लोकशाहीची आहे.

लोकआघाडीच्या शासनाने त्या उन्हाळ्यात कामगारांना चाळीस तासांचा आठवडा आणि दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. पण आर्थिक अडचणी आणि भांडवलदारांचा विरोध यांपुढे ती आघाडी टिकली नाही. 1938 च्या वसंतात ती सत्तेबाहेर गेली आणि नोव्हेंबरमधील वटहुकमांनी चाळीस तासांच्या आठवड्यातील अर्थच काढून घेतला. नेमक्या याच उतरणीच्या काळात मार्सेल कार्ने यांच्या दिग्दर्शनाखाली प्रेव्हेर यांनी लिहिलेले दोन चित्रपट आले : 1938 चा 'धुक्याचा धक्का' आणि 1939 चा 'दिवस उजाडतो'. पहिल्यात झाँ गाबँ हा सैन्यातून पळालेला शिपाई आहे. 'पळपुटा सैनिक' हा शब्द कोणाच्या तोंडी येता कामा नये, अशी अट लष्करी अधिकाऱ्यांनी घातली होती. शब्द गाळला गेला; माणूस मात्र पडद्यावर राहिला.

दुसऱ्या चित्रपटातील फ्रान्स्वा हा कारखान्यात वाळूचा झोत मारून धातू घासणारा कामगार. त्या धुळीने त्याची फुप्फुसे झिजत आहेत. एक मुलगी फुले घेऊन कारखान्यात येते आणि फुले तेथल्या हवेत कोमेजू लागतात. हातून खून घडल्यावर तो उंच इमारतीतल्या आपल्या खोलीत स्वतःला कोंडून घेतो. खाली जमलेल्या गर्दीतून ओळखीची माणसे त्याला हाका मारतात, पण त्याला वाचवणे आता त्यांच्या हाती उरलेले नाही. तीन वर्षांपूर्वी चौकातल्या माणसांनी एकत्र येऊन लांझला वाचवले होते. येथे तीच माणसे हतबल होऊन वर पाहत आहेत. लोकआघाडीच्या पराभवाचे इतके अचूक निदान त्या काळच्या राजकीय लेखनातही विरळा आढळते. उजव्यांनी या चित्रपटांना अनीतीचे ठरवले, डाव्या गोटातील काहींनी त्यांच्यावर नैराश्याचा ठपका ठेवला, आणि युद्धकाळात सेन्सॉरने मनोधैर्य खचवणारा म्हणून 'दिवस उजाडतो'वर बंदी घातली. ताप मोजणाऱ्या यंत्राला तापाबद्दल दोषी धरण्याचाच हा प्रकार होता.

त्या चित्रपटाची पुढची कथा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. एका अमेरिकन कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले, 1947 मध्ये त्याची नवी आवृत्ती काढली, आणि नव्या मालाला स्पर्धा नको म्हणून मूळ चित्रपटाच्या प्रती नाहीशा करण्याचा प्रयत्न केला. लिहिणारा, रंगवणारा, दिवे लावणारा, अभिनय करणारा यांपैकी कोणाचीही संमती त्यासाठी लागली नाही. बाताला परत आला होता. या वेळी पाद्र्याच्या वेशात नव्हे, खरेदीखत घेऊन.

जर्मन व्याप्तीच्या काळात प्रेव्हेर दक्षिण फ्रान्समध्ये राहिले. 1943 मध्ये नीस येथे 'स्वर्गातील मुले' या चित्रपटाचे चित्रीकरण सुरू झाले. येथे स्वर्ग म्हणजे नाटकगृहातील सर्वांत वरचा, सर्वांत स्वस्त सज्जा. गोरगरीब प्रेक्षकांची ती जागा. कथा एकोणिसाव्या शतकातील एका मूकाभिनेत्याची आहे, आणि ज्या रंगमंचावर तो काम करतो तेथे नटांना बोलण्याचा परवाना नाही. परकीय सत्तेखाली मुकाट झालेल्या देशात असे कथानक योजणे हा योगायोग मानणे कठीण आहे. पडद्यामागेही तसेच घडत होते. नेपथ्यकार अलेक्सांद्र त्रॉनेर आणि संगीतकार जोसेफ कॉस्मा हे दोघे हंगेरीतून आलेले ज्यू. त्यांच्यावर कामाची बंदी होती आणि पकडले जाण्याचे भय होते. त्यांनी लपून काम केले, त्यांच्या वतीने इतरांनी नावे पुढे केली, आणि मार्च 1945 मध्ये मुक्त झालेल्या पॅरिसमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्यांच्या गुप्त सहकार्याचा उल्लेख श्रेयनामावलीत झाला. लेखक, दिग्दर्शक आणि तंत्रज्ञ यांनी परस्परांना जिवाच्या जोखमीवर सांभाळले, ही लांझच्या सहकारी संस्थेचीच प्रत्यक्षातील आवृत्ती म्हणावी लागेल.

युद्धानंतर मात्र हे एकत्र काम विस्कटले. 1946 चा 'रात्रीची दारे' हा खर्चिक चित्रपट प्रेक्षकांनी नाकारला. मुक्तीनंतरच्या पॅरिसमध्ये कालचे शत्रुसेवक आणि काळाबाजारवाले अजून सुखात आहेत, हे ऐकण्याची कोणाची इच्छा नव्हती. मुलांच्या दंडवसाहतीवरील चित्रपट 1947 मध्ये अर्धवट राहिला. कार्ने आणि प्रेव्हेर यांची जोडी फुटली. 1946 मध्येच प्रसिद्ध झालेला 'पारोल' हा प्रेव्हेर यांचा काव्यसंग्रह मात्र अफाट खपला, आणि कवीच्या कीर्तीने पटकथाकाराला झाकून टाकले.

याच सुमारास चित्रपटाच्या मालकीवर दुसऱ्या बाजूनेही दावा आला. 1954 च्या जानेवारीत तरुण समीक्षक फ्रान्स्वा त्रुफो यांनी 'काइए द्यु सिनेमा' या मासिकात पटकथाकारांच्या वर्चस्वावर घणाघाती लेख लिहिला. त्यांचा मुख्य रोख झाँ ओराँश आणि प्येर बोस्त या जोडीवर होता, प्रेव्हेर यांच्यावर नव्हे. आणि साचेबंद साहित्यिक चित्रपटांवरील त्यांच्या टीकेत तथ्यही होते. परंतु त्यातून जो विचार रूढ झाला तो असा की, दिग्दर्शक हाच चित्रपटाचा एकमेव कर्ता. निर्मात्याच्या जागी दिग्दर्शक आला; पण मालक एकच असावा, ही कल्पना तशीच राहिली. कार्ने यांचे सर्वोत्तम चित्रपट प्रेव्हेर यांच्याविना झाले नाहीत, आणि प्रेव्हेर यांचे सर्वोत्तम चित्रपट कार्ने, रेन्वार, त्रॉनेर, कॉस्मा यांच्याविना झाले नाहीत. या साध्या वस्तुस्थितीला त्या सिद्धांतात जागा नाही.

फ्रेंच कायद्याने या बाबतीत समीक्षकांपेक्षा अधिक शहाणपण दाखवले, हे नमूद केले पाहिजे. 11 मार्च 1957 च्या लेखकहक्क कायद्याने पटकथाकार, रूपांतरकार, संवादलेखक, चित्रपटासाठी खास रचलेल्या संगीताचा कर्ता आणि दिग्दर्शक या साऱ्यांना सहकर्ते मानले. कायदा झाल्याने अन्याय संपतो असे नव्हे. तथापि श्रम बहुतांचे असतील तर हक्कही बहुतांचा, हे तत्त्व तेथे कागदावर आले, आणि श्रमिकांच्या चळवळीला कागदावरील शब्दाचे मोल ठाऊक असते.

प्रेव्हेर यांचे शेवटचे मोठे काम हे या प्रश्नाचे जणू उत्तर आहे. व्यंगपटकार पॉल ग्रिमो यांच्यासह त्यांनी 1940 नंतरच्या दशकात एका जुलमी राजाची कथा चित्रांत उतरवायला घेतली. राजाचा प्रासाद आकाशाला भिडलेला, आणि त्याच्या पायाशी सूर्य कधी न पाहिलेल्या श्रमिकांचे भूमिगत नगर. पैसा आणि मुदत यांवरून वाद झाला, निर्मात्याने काम हातून काढून घेतले आणि अपुरा चित्रपट 1953 मध्ये परस्पर प्रदर्शित केला. दोघांनीही ते अपत्य आपले मानले नाही. ग्रिमो यांनी 1967 मध्ये हक्क परत मिळवले. दोघे पुन्हा त्याच कथेवर कामाला बसले. 11 एप्रिल 1977 रोजी प्रेव्हेर वारले. 'राजा आणि पक्षी' हा पूर्ण झालेला चित्रपट 1980 मध्ये पडद्यावर आला. त्याच्या अखेरीस प्रासाद ढासळलेला असतो. अवशेषांवर बसलेला एक प्रचंड यंत्रमानव पिंजऱ्यातील चिमुकल्या पाखराला सोडतो आणि रिकामा पिंजरा मुठीखाली चिरडतो.

तीस वर्षे एका गोष्टीचा पिच्छा पुरवून ती परत मिळवणारी ही चिकाटी कार्यकर्त्यांना परिचित असली पाहिजे. भांडवलाने प्रेव्हेर यांचे काम विकत घेतले, सेन्सॉरने छाटले, डाव्या टीकाकारांनी त्याला नैराश्याचे नाव दिले. त्यांनी मात्र मनुष्य आणि श्रम यांची बाजू सोडली नाही, आणि त्या बाजूच्या नावाने कोणाची हुकमतही मानली नाही. पक्षाने कलावंताकडे घोषणा मागू नयेत. त्याच्या श्रमाचा न्याय्य वाटा त्याला मिळावा म्हणून मात्र त्याच्या पाठीशी जरूर उभे राहावे. खिडकीवरचा फलक उखडण्याचे काम कामगारांनीच करायचे असते. त्यानंतर खोलीत काय दिसेल ते लिहिणाऱ्यावर सोपवावे.