टिकणाऱ्या चटणीविरुद्ध

गेल्या पौषात मी भाच्याच्या शेतावर हुरडा खायला गेलो आणि चटणीवरून भांडून परत आलो. ही हकीकत शिक्षकांच्या खोलीत सांगितली तेव्हा सगळे खो खो हसले. बांधावरून भांडणे, मानपानावरून रुसणे, निवडणुकीवरून डोकी फोडून घेणे ही आपल्याकडे जबाबदार माणसाची लक्षणे समजली जातात; चटणीवरून भांडणारा मात्र वेडगळ ठरतो. मला हे मान्य नाही. जी वस्तू आपण रोज जिभेवर ठेवतो तिच्याविषयी भांडू नये, तर मग कशाविषयी भांडावे? म्हणून ते अर्धे राहिलेले भांडण, फराळाचे ताट पुढे असताना, मी वाचकांसमोर पुरे करणार आहे.

सोलापूरकडच्या काळ्या रानात ज्वारीचे कणीस भरते, पण दाणा अजून हिरवा आणि कोवळा असतो, असे थोडेच दिवस येतात. तेवढ्यात साधायचे. शेतात खड्डा घेऊन गोवऱ्यांची आगटी पेटवायची, ज्वाळा बसल्या की आरात कणसे खुपसायची आणि भाजलेले कणीस हातावर चोळून वाफाळलेले दाणे पुढ्यात टाकायचे. हुरड्याची चव गोड आणि किंचित धुरकट. ती गोडी उठून दिसायला जोडीला झणझणीत असे काही लागते. माझ्या लहानपणी आई पाटा-वरवंटा बैलगाडीत घालून शेतात नेत असे. विहिरीपाशी लावलेली कोथिंबीर, ओल्या लसणाची पात, आगटीतच भाजलेली हिरवी मिरची, मूठभर शेंगदाणे आणि खडेमीठ. इकडे पहिले कणीस चोळले जाई आणि तिकडे वरवंटा थांबे. त्या चटणीचे आयुष्य तासा-दोन तासांचे; पण तेवढ्या आयुष्यात ती सगळ्या रानाला वासाने जागे करी.

आता भाचा शनिवार-रविवारी शहरातल्या मंडळींसाठी हुरडा ठेवतो. उत्तम गोष्ट आहे. ज्वारीचे चार पैसे होतात. खाटा, घोंगड्या, बैलगाडीची फेरी, सगळे यथासांग होते. मग पानात हुरडा पडला आणि त्याच्या शेजारी तीन बाटल्या येऊन उभ्या राहिल्या: एक लाल, एक हिरवी आणि एक काकवीच्या रंगाची.

"ही काळी कसली रे?" मी विचारले.

"मामा, बार्बेक्यू सॉस. भाजलेल्या पदार्थाबरोबर सगळीकडे हाच खातात."

मी एक थेंब चाखला. गोड, आंबट, पुन्हा गोड आणि वर धुराचा वास. दहा हातांवर खरीखुरी आगटी धुमसत होती आणि आम्ही बाटलीतला धूर खात होतो! हिरव्या बाटलीवर कोथिंबिरीचे मोठे टवटवीत चित्र होते. शाळामास्तरला छापलेले दिसले की वाचल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे कायद्याने घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. त्या यादीत पाणी पहिले, साखर दुसरी आणि कोथिंबीर सातवी. चित्रात पहिला नंबर, परीक्षेत सातवा! माझ्या वर्गातल्या एखाद्या पोराने असे प्रगतिपुस्तक घरी नेले असते तर बापाने त्याचा कान धरला असता.

इथे एक खुलासा करतो. बाटलीत विष असते असे मी म्हणणार नाही. आंबटपणा, मीठ आणि साखर यांच्या जोरावर पदार्थ टिकवणे ही जुनी विद्या आहे. आपली लोणची आणि मुरांबे त्याच विद्येवर उभे आहेत. जवसाची, कारळ्याची, शेंगदाण्याची कोरडी चटणीही महिनाभर राहते, आणि तो तिचा गुण आहे. माझी तक्रार फक्त ओल्या, हिरव्या चटणीला टिकाऊ करण्याविषयी आहे. कारण ती टिकवायची म्हणजे ज्यासाठी ती खायची तेच तिच्यातून काढून घ्यायचे.

रसायनशास्त्र मी मॅट्रिकपलीकडे शिकलो नाही. पण लसणाची गोष्ट समजायला तेवढे पुरते. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की तिच्यात वेगवेगळ्या कप्प्यांत बसलेली दोन द्रव्ये एकमेकांना भेटतात आणि अॅलिसिन नावाचे तिसरेच तिखट द्रव्य जन्माला येते. लसणाचा जो झटका आपल्याला आवडतो तो पाकळीत आधी नसतोच. तो आपण ठेचताना घडवतो. आणि तो अल्पायुषी असतो. शिवाय पाकळी आधी तापवली तर ती भेट घडवणारे द्रव्यच निकामी होते. कोथिंबिरीच्या पानांचा वासही असाच उडून जाणारा. वाळवलेल्या कोथिंबिरीला गवताची कळा येते ती त्यामुळे. महिनोन्महिने टिकणारी बाटली तापवल्यावाचून आणि आंबट केल्यावाचून भागत नाही. मग गेलेल्या वासाची जागा भरायला साखर येते. साखर ही कुणाच्याही मयताला हजर असते.

कोणी म्हणेल, मास्तरांना परदेशी वस्तूंचा तिटकारा आहे. मुळीच नाही. आमच्या चटणीतली मिरची आणि शेंगदाणे मूळचे अमेरिका खंडातले. मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली. उलट माझे म्हणणे असे की ही बाटली परदेशाचीही बदनामी करते. बार्बेक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांचा. स्पॅनिश लोकांनी तो 'बार्बाकोआ' म्हणून उचलला. खुद्द अमेरिकेत या रसाचे एक रूप नाही. उत्तर कॅरोलिनाच्या पूर्व भागात व्हिनेगर आणि लाल मिरची, टोमॅटोचे नाव नाही. दक्षिण कॅरोलिनात मोहरीचा पिवळा रस. कॅन्सस सिटीत टोमॅटो आणि काकवीचा दाट रस. हा शेवटचा बाटलीला सोयीचा, म्हणून जगभर तोच बार्बेक्यू ठरला. अर्जेंटिनात निखाऱ्यावरच्या मांसाबरोबर चिमिचुर्री खातात: पार्सली, लसूण, ओरेगानो, व्हिनेगर आणि तेल. पार्सली म्हणजे आपल्या कोथिंबिरीची चुलत बहीणच. म्हणजे तिथला गुराखी आणि इथला कुणबी दोघांनाही एकच गोष्ट उमगली होती: विस्तवावर भाजलेल्या पदार्थाला हिरव्या पाल्याचा ताजा तिखटपणा हवा. प्रत्येक आगीची स्वतःची चटणी होती; बाटलीने सगळ्या आगींना एकच चटणी नेमून दिली.

आणि हे पहिल्यांदा घडत नाही. 'चटणी' हा आपला शब्द इंग्रजांनी नेला, आंब्याच्या फोडी साखर आणि व्हिनेगरमध्ये शिजवल्या आणि बाटलीत भरून त्यालाच चटणी म्हणू लागले. ते बिचारे सात समुद्रांपलीकडे होते; त्यांना पाट्यावरची चटणी पोहोचणार कशी? पण आपल्या परसात कोथिंबीर असताना आपण बाटली का उघडावी?

हे सारे मी त्या दिवशी आगटीपाशी उभा राहून भाच्याला ऐकवले. आई कशी वाटायची, पाट्याची चव कशी वेगळी, आपण काय गमावले, सगळे सांगितले. पाहुणे टाळ्या वाजवायचेच बाकी होते. भाचा म्हणाला, "मामा, सगळे खरे. पण रविवारी साठ पाने उठतात. वाटायला बाई ठेवायची तर तिला दिवसाची मजुरी द्यावी लागते. बाटली स्वस्त पडते."

मी काही बोलणार तोच चुलीपाशी भाकरी थापत बसलेली माझी थोरली बहीण, म्हणजे भाच्याची आई, बोलली, "आईची चटणी चांगली होती म्हणतोस. आईचे मनगट बघितले होतेस का कधी? तिच्यानंतर मी वाटत होते. इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणालास, अक्का, सरक, आज मी वाटतो?"

वाचकहो, वादविवादात मी सहसा हरत नाही. पण अक्काच्या या एका वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. बाटलीने आपल्या स्वयंपाकघरात प्रवेश केला तो चवीच्या बळावर नव्हे. दमलेल्या मनगटांनी तिला दार उघडले. ताजी चटणी स्वस्त होती, कारण तिच्यात घातलेली मेहनत आपण हिशेबात धरतच नव्हतो. आई वाटते, बहीण वाटते, बायको वाटते, तोवर ती 'परंपरा'. मजुरी द्यायची वेळ आली की ती 'परवडत नाही'. आणि जे लोक या परंपरेचे सर्वांत मोठे भाट आहेत त्यांच्यापैकी कितीजणांनी वरवंट्याला हात लावला आहे? मी लावला नव्हता. तेव्हा माझे भांडण बाटलीशी आहे तितकेच माझ्यासारख्या जीभशूरांशीही आहे.

मी बाह्या सरसावल्या. आठ माणसांची चटणी वाटायला मला जवळजवळ अर्धा तास लागला. वरवंटा दोनदा बोटावर आला. मिरचीने तळहात असे पेटले की हौदात हात घालून बसलो. अक्काने तिथेच येऊन तेल चोळायला दिले, कारण मिरचीची आग पाण्याने जात नाही, तेलाने उतरते. हे ज्ञान घरातल्या बायकांना पिढ्यान् पिढ्या आहे आणि मला पंचेचाळिसाव्या वर्षी झाले.

तेव्हापासून मी घरी चटणी करतो आणि अनुभवाने सांगतो. आधी खडेमीठ आणि लसूण. मिठाच्या खड्यांनी लसूण लवकर चिरडतो. मग निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजलेली मिरची. मग भाजलेले शेंगदाणे. कोथिंबिरीचे कोवळे देठ टाकू नयेत. वास त्यांच्यातही भरपूर असतो. पाने सर्वांत शेवटी, आणि पाणी चमच्याने. लिंबू वाढताना पिळावे. आधी पिळले तर आंबटपणाने हिरवा रंग मळकट होतो. वांगे भाजले असेल तर पुदिना वाढवावा, मक्याचे कणीस असेल तर मिरची, मासा किंवा कोंबडी असेल तर लसूण आणि लिंबू. आणि त्याच दिवशी संपवावी.

पाटा नसेल तर मिक्सर चालेल. पाट्याची मी आरती करत नाही. मिक्सर थांबत थांबत फिरवावा, एकसारखा फिरवला तर चटणी तापते आणि तिचा गाळ होतो. पण मिक्सर आला म्हणून बायकांची मेहनत संपली असे समजणाऱ्यांनी एक जुडी कोथिंबीर निवडून पाहावी. माती, पिवळी पाने, मधेच आलेले गवत, तीन पाण्यांतून धुणे: चटणीतले खरे काम ते आहे. त्याला यंत्र नाही. मात्र ते बसल्या बसल्या, गप्पा मारता मारता, पुरुषांनाही जमते. वर्तमानपत्र पसरण्याची सवय आपल्याला आहेच. त्यावर जुडी ठेवायची, इतकेच.

हंगामाच्या शेवटच्या रविवारी मी पुन्हा शेतावर गेलो. आर पडेपर्यंत पाहुणे नुसते बसून असतात, हे भाच्याच्या ध्यानात आले होते. त्याने चार ठिकाणी चार जुड्या आणि सूप ठेवले. गावातली एक बाई पाट्यावर बसवली, तिला पुरती मजुरी दिली, आणि पानामागे थोडे पैसे वाढवले. पाहुण्यांनी कुरकुर केली नाही. उलट जो तो आपण निवडलेल्या जुडीची चटणी मागू लागला. एका लहान मुलाने मात्र हट्टाने काळी बाटली मागितली. त्याला ती दिली. मी चटणीच्या बाजूचा आहे, जबरदस्तीच्या नव्हे.

आता भाऊबीज आली आहे. बहीण पाट मांडील, निरांजन लावील, ओवाळील आणि आपण ताटात पाकीट घालून मोकळे होऊ. पाकीट जरूर घाला. त्याला माझी हरकत नाही. पण यंदा बहिणीच्या घरी जाताना वाटेत एक ताजी जुडी घ्या, आणि ओवाळून घेण्याआधी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन म्हणा, "सरक, आज मी वाटतो." अक्काला मी हे वाक्य उशिरा म्हणालो. तिने विश्वास बसत नसल्यासारखे पाहिले आणि आधी तेलाची वाटी जवळ आणून ठेवली.