कडेचें प्यादें

जानेफळच्या बाजारांत एका पालकांनीं आम्हांस थांबवून विचारलें, "मास्तर, पोरांना शाळेंत सोंगट्या शिकवितां म्हणे?" त्यांची शंका रास्त होती, पत्त्यांच्या व सोंगट्यांच्या नादानें बुडालेलीं घरें आम्हींही पाहिलीं आहेत. मात्र बुद्धिबळास त्या पंक्तींत बसविणें आम्हांस मान्य नाहीं. उत्तरादाखल एक जुना डाव पुढें ठेवितों.

22 मार्च 1924 रोजीं न्यूयॉर्क येथें रिचर्ड रेटी यानें क्यूबाच्या कापाब्लांकास हरविलें. कापाब्लांका तेव्हां जगज्जेता होता व 1916 नंतर महत्त्वाच्या सामन्यांत एकही डाव हरला नव्हता. पटाचा मध्य प्याद्यांनीं आरंभींच बळकवावा, असा त्या काळचा रिवाज. रेटीनें आधीं घोडा काढिला, मग वजिराच्या उंटापुढील प्यादें, मग घोड्यापुढील. दोन्ही उंट कडेला बसवून त्यांची नजर मात्र मध्यावर ठेविली. त्याच्या प्याद्यानें मध्यांत पाऊल टाकलें तें थेट 16 व्या चालीस! 20 व्या चालीस काळ्या वजिरानें एक प्यादें खाल्लें. लगेच उंटांची मारामारी होऊन काळ्या राजाजवळचा पहारेकरी गेला, वजिरानें शह दिला, आणि मागोमाग हत्ती आंत शिरला. 31 व्या चालीनंतर जगज्जेत्यानें डाव सोडला.

आमच्या वर्गांतील कांहीं मुलें हीच सुरुवात पाठ करून खेळतात आणि दहाव्या चालीच्या आंत गोत्यांत येतात. कडेला बसलेला उंट काय पाहतो, हें त्यांस ठाऊक नसतें. त्यांच्या उत्तरपत्रिकाही अशाच असतात: उत्तर तोंडपाठ, प्रश्न कळलेला नाहीं. हा दोष उत्तरपत्रिकेंत महिन्यांनीं उघडा पडतो, पटावर घटकाभरांत. खेळ शिकविण्याचें आमचें कारण एवढेंच.

यांतून प्रत्येक मूल विजेतें होईल, असें आम्ही म्हणत नाहीं. एवढा डाव जिंकूनही रेटी त्या स्पर्धेंत पांचवाच आला. कापाब्लांका दुसरा आणि पहिला 55 वर्षांचा लास्कर. आमच्याच विदर्भांतील नागपूरच्या कु. दिव्या देशमुख हिनें 2025 सालीं बातुमी येथें कोनेरू हम्पी हिला हरवून महिला विश्वचषक मिळविला, तो वयाच्या 19 व्या वर्षीं. मुलींस पटापासून दूर बसविणाऱ्या पालकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें.

परीक्षेच्या महिन्यांत पट कपाटांत राहतील, हें आम्हांस मान्य आहे. एरवीं शनिवारीं प्रार्थना आटोपल्यावर तासभर खेळ चालतो. त्या पालकांस आम्हीं तेव्हां येऊन मुलाशेजारीं बसण्याची विनंती केली आहे. हरल्यावर तो सोंगट्या उधळतो कीं पुन्हां मांडतो, तें त्यांनीं स्वतः पाहावें.