वाटाड्या हवा कीं भाट?

परदेशप्रवास हा आतां केवळ धनिकांचा विलास राहिलेला नाहीं. यवतमाळ शहरास खेटून असलेल्या लोहाऱ्यासारख्या गांवांतहि एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या किंवा कारखान्यांतील कारकुनाच्या घरीं पासपोर्ट येऊन पडतात, आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर युरोपचा नकाशा उघडला जातो. ही गोष्ट आम्हांस मनापासून आवडते. पण त्या नकाशाशेजारीं कोणतें पुस्तक ठेविलेलें असतें हें पाहिलें म्हणजे आमचा आनंद बराचसा ओसरतो. एका घरीं तें प्रवासवर्णन असतें, दुसऱ्या घरीं सहल कंपनीची गुळगुळीत कागदावरील पुस्तिका, तिसऱ्या घरीं विटेसारखें जड इंग्रजी गाईड. आपणांस वाटाड्या मिळाला असें तिघांसहि वाटतें. आमच्या मतें पहिल्यास मित्र मिळाला, दुसऱ्यास भाट मिळाला, आणि तिसऱ्यास वाटाड्या मिळाला खरा, पण तो दुसऱ्या कोणाचा तरी.

प्रवासवर्णनाविषयीं असें बोललों कीं आमच्यावर अरसिकतेचा आरोप येईल हें आम्ही जाणून आहों. मराठीची ही परंपरा थोर आहे. पंडिता रमाबाईंनीं अमेरिकेविषयीं १८८९ सालीं लिहिलें, गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं छापून निघाला, अनंत काणेकरांचें 'धुक्यांतून लाल ताऱ्याकडे' १९४० सालचें आणि पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' १९६० सालची. या ग्रंथांनीं मराठी माणसास उंबरठ्याबाहेर पाहावयास शिकविलें. परंतु गोडसे भटजी हातीं घेऊन कोणी झांशीस जाण्याचा बेत करीत नाहीं. मग 'अपूर्वाई'च्या भरंवशावर लंडनचा खर्च बांधणारे गृहस्थ आढळतात ते कां? लेखकास काय दिसलें हें सांगणें हा प्रवासवर्णनाचा धर्म; वाचकास काय करावें लागेल हें सांगणें हा मार्गदर्शकाचा. लेखकाची गाडी चुकली तर तो त्यावर एक प्रकरण लिहितो, आणि तें त्यास शोभतें. आमच्या शिक्षकाची गाडी चुकली तर भविष्यनिर्वाह निधींतून काढलेल्या पैशांतून परक्या गांवीं एका रात्रीचें भाडें जातें.

सहल कंपनीच्या पुस्तिकेविषयीं फार लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. ती विकणाऱ्याची वस्तु आहे. काय दिसेल हें ती मोठ्या अक्षरांत सांगते आणि दरांत काय धरलेलें नाहीं हें बारीक अक्षरांत. ज्यांस संघटित सहलच हवी असेल त्यांनीं बारीक अक्षरें आधीं वाचावीं म्हणजे झालें.

इंग्रजी गाईडांची गोष्ट निराळी. बेडेकर हा जर्मन आणि मरे हा इंग्रज प्रकाशक, या दोघांनीं १८३० च्या दशकांत या लेखनप्रकारास शिस्त लावली. काटकसरीच्या प्रवासाची टूम मात्र अलीकडची. आर्थर फ्रॉमर या अमेरिकनानें १९५७ सालीं रोज ५ डॉलरांत युरोप पाहण्याचें पुस्तक काढलें; पुढील आवृत्त्यांत तो आकडा वाढवीत न्यावा लागला. टोनी आणि मॉरीन व्हीलर या दांपत्यानें १९७३ सालीं आशिया खंड स्वस्तांत ओलांडण्याची एक लहानशी पुस्तिका छापली, आणि तींतून 'लोन्ली प्लॅनेट' ही विश्वविख्यात प्रकाशनसंस्था उभी राहिली. या मंडळींचें ऋण आम्ही नाकारीत नाहीं. पण स्वस्त म्हणजे कोणास स्वस्त? १९५७ सालीं डॉलर सुमारें पावणेपांच रुपयांचा होता. फ्रॉमरचे ५ डॉलर म्हणजे रोजचे २४ रुपये! अमेरिकन कारकुनास ती काटकसर होती. आमच्या शाळामास्तरास ती चैन होती, आणि परकीय चलनावरील निर्बंधांमुळें ते डॉलर त्यास सहजासहजीं मिळतेहि ना. आज निर्बंध सैल झाले, पण पुस्तकानें मनांत धरलेला वाचक फारसा बदललेला नाहीं.

तो वाचक एकटा आहे, तरुण आहे, आणि त्याच्या खिशांतील पासपोर्ट आमचा नाहीं. वसतिगृहांतील खाट दर माणशीं स्वस्त, असें पुस्तक सांगतें. चौघांच्या कुटुंबानें चार खाटांची बेरीज करून पाहावी. पुष्कळदां तेवढ्या पैशांत स्वयंपाकघरासह लहानसें बिऱ्हाड मिळतें, आणि वरणभात रांधतां येणें यासारखी दुसरी काटकसर परदेशांत नाहीं. अमेरिकन नागरिकास शेंगेन देशांत ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाहीं, म्हणून तें प्रकरण दोन ओळींत आटोपतें. आपल्याकडील माणसास अर्जाचें शुल्क, मुक्कामाचे पुरावे, निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, हें सारें आधीं जुळवावें लागतें. आणि पॅरिसला जोडून लंडन पाहावयाचें तर इंग्लंडचा व्हिसा वेगळा. शिवाय त्या पुस्तकाचा प्रवास परदेशच्या विमानतळावर सुरू होतो. लोहाऱ्याच्या माणसाचा तो नागपूरच्या वाटेवर किंवा धामणगांवच्या स्टेशनावर सुरू होतो, आणि पैसाहि तेथूनच सुटूं लागतो.

तर मग पुस्तक निवडावें कसें? आमचा एक साधा उपाय आहे. ज्या मालेंतील पुस्तक घ्यावयाचें, तिचा भारतावरील खंड ग्रंथालयांत मिळवून आपल्या माहितीचें ठिकाण काढावें. यवतमाळचें नांव नसलें तर रागावूं नये. सेवाग्राम काढावें, अजिंठा काढावा. तेथें कसें पोंचावें, कोणत्या वारीं बंद, हें बरोबर आहे काय? ज्यानें आपल्या अंगणाविषयीं ठोकून दिलें तो प्रागविषयीं खरें लिहीत असेल असें मानण्यास कारण नाहीं. मग मुद्रणाचें पान उघडावें. पुस्तकावर जें साल असतें त्याच्या आधींच त्यांतील दर गोळा झालेले असतात. जुनी आवृत्ति रद्दींत मिळाली तर खुशाल घ्यावी; इतिहास आणि गल्ल्या सहसा शिळ्या होत नाहींत, भाडीं होतात. आणि अख्ख्या युरोपचा एक ठोकळा घेण्यापेक्षां दोन शहरांचीं दोन पातळ पुस्तकें बरीं.

हातांत फोन असतांना पुस्तक कशास, असें तरुण मंडळी विचारतील. रेल्वेची वेळ फोनवरच पाहावी, त्यांत वाद नाहीं. पण फोन विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देतो. नवख्या माणसाची अडचण ही असते कीं कोणता प्रश्न विचारावा हेंच त्यास ठाऊक नसतें, आणि जें हॉटेल वर दिसतें तें कित्येकदां वर दिसण्याचे पैसे भरून बसलेलें असतें. भाटाचीच ही नवी जात.

खरा राग आम्हांस आपल्या प्रकाशकांचा येतो. गडकिल्ल्यांच्या वाटा सांगणारें 'सांगाती सह्याद्रीचा'सारखें पुस्तक मराठींत होऊं शकतें, तर परदेशाचें कां होऊं नये? 'गिऱ्हाईक नाहीं' हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. सहल कंपन्यांस गिऱ्हाईक कोठून मिळतें? युरोपचा हव्यास तूर्त ठेवावा. नेपाळपासून आरंभ करावा. तेथें जाण्यास आपणांस पासपोर्टहि लागत नाहीं. दीडशें पानें, चार नकाशे, चौघांच्या कुटुंबाचा हिशेब रुपयांत, आणि पहिल्याच पानावर दर कोणत्या महिन्याचे तें ठळक छापलेलें, एवढें पुस्तक जो प्रकाशक काढील त्याची पहिली प्रत आम्ही रोख पैसे देऊन घेऊं.